सिद्रामप्पाचं फिटिंग

आमच्या गल्लीत सिद्रामप्पाच्या मिशीला जेवढा मान होता तेवढा नगरसेवकालाही नव्हता. मी हे जळफळाटानं लिहितो आहे असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या. माझं किराणा दुकान आणि त्याचं घर यांच्यात एकच भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची. पलीकडं भांडं पडलं तरी अलीकडं कोणतं पडलं ते मला कळतं. तेव्हा या माणसाबद्दल बोलायचा हक्क गल्लीत कुणाला असेल तर तो मला आहे.

सिद्रामप्पा नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात होता. आमचं गाव अहमदपूरहून नांदेडकडं जाताना लागतं. एक बंब, एक पाण्याचा टँकर, पत्र्याची शेड आणि मोजकी माणसं एवढाच त्या दलाचा पसारा. टँकरवर रोजंदारीचा खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून लागलेला हा गडी चढत चढत तिथला प्रमुख झाला. त्या काळी आगीत शिरायचं म्हणजे अंगात खाकी सुती कपडे आणि खांद्यावर ओलं घोंगडं. त्या घोंगड्यावर त्यानं पेटत्या कोठ्यातून माणसं काढली, जनावरं काढली. धाडस होतं त्याच्यात, खोटं कशाला बोलू.

पण त्याचा खरा जीव आगीत नव्हता, थाटात होता. पट्ट्याचं पितळी बक्कल तो रोज चिंचेनं घासायचा. बुटात तोंड दिसलं पाहिजे म्हणून हाताखालच्या पोरांना पुन्हा पुन्हा बसवायचा. खंडेनवमीला बंब धुऊन, झेंडूच्या माळा घालून पूजेला उभा केला की नारळ फोडायच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करायचा आणि एकेकाच्या कपड्याची घडी बघायचा. कुणाची मोडलेली असली की बायकापोरांसमोर असा पाणउतारा करायचा, की त्या माणसाला प्रसाद गोड लागू नये.

त्याची बायको शिवकांताबाई. ब्लाऊज शिवायची. आम्ही सगळे तिला मामी म्हणायचो. बोलणं कमी, हात सफाईचा. गल्लीतल्या बायका सांगायच्या, मामीला टेप लागत नाही. बाई दारातून आत येईपर्यंत तिनं नजरेनं माप घेतलेलं असतं. भिंतीपलीकडं तिच्या मशीनचा आवाज चालू असला की मला दुकानात सोबत असल्यासारखं वाटायचं. नवऱ्यानं तिच्या कामाला नाव ठेवलं नाही तसं चांगलंही म्हटलं नाही. तिनं ते मागितलंही नाही.

तर एका हिवाळ्यात नगरपरिषदेनं आगीत घालायचे नवे सूट घेतले. जाड कोट, तशीच विजार, हातमोजे, बूट, मानेपर्यंत पदर असलेलं हेल्मेट. खरेदी करणाऱ्या शहाण्यांनी माणसांची मापं घेतलीच नाहीत. सगळे सूट एकाच मापाचे, आणि ते माप नेमकं सिद्रामप्पाच्या अंगाचं. तो उंच, पाठीनं रुंद. बाकीची पोरं किरकोळ अंगाची. त्यातही हरिओम. नायगावकडच्या एका खेड्यातलं शेतकऱ्याचं पोरगं, नव्यानं नोकरीला लागलेलं, वर्षापूर्वीच लग्न झालेलं. सिद्रामप्पा त्याला सगळ्यांदेखत पाप्याचं पितर म्हणायचा. हरिओम हसायचा. नोकरी नवी असली की माणूस कशालाही हसतो.

सूट कसे घालायचे, कसे सांभाळायचे ते शिकवायला नांदेडहून अमृतराव नावाचे एक साहेब आले होते. सिद्रामप्पा पहिल्या बाकावर बसला होता. त्या दिवशीचं सगळं मला नंतर हरिओमनंच सांगितलं, जसंच्या तसं.

अमृतराव म्हणाले, "हा सूट ढगळ दिसतो, आणि तो ढगळच घालायचा. अंग आणि कापड यांच्यात हवा राहिली तर झळ थांबते. काजळी लागली तर साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. आणि एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा, याला घरी सुई लावायची नाही. आत तीन थर आहेत. सुई गेली की तिन्ही थरांना भोक पडतं, आणि बाजारातला दोरा आगीत वितळतो. मोठा होत असेल, उसवला असेल, आमच्याकडं परत पाठवा. समजलं ना, प्रमुख?"

"हाव साहेब," सिद्रामप्पा म्हणाला.

साहेबांची जीप फाटकाबाहेर गेली आणि त्यानं मिशीवरून हात फिरवला. "सुई न्हाई लावायची म्हणं! कापड हाय का पिराची चादर?" पोरं हसली. हरिओमही हसला.

पुढं सव्वीस जानेवारी आली. शाळेच्या मैदानावर संचलन. सगळं गाव जमलेलं. बँड वाजला, होमगार्ड गेले, एनसीसीची पोरं गेली आणि मग अग्निशमन दल आलं. पुढं सिद्रामप्पा, सूट अंगावर ओतल्यासारखा. मागं त्याची पलटण. कुणाच्या बाह्या बोटांच्या खाली, कुणाचा कोट गुडघ्याला. हरिओमची विजार टाचेखाली आली आणि तो सलामीच्या जागीच अडखळला. मैदानाच्या कडेनं शाळेची पोरं ओरडली, "अस्वलं आली रे!" सगळं मैदान हसलं. मीही तिथं होतो. सिद्रामप्पाची मान ताठच राहिली, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला लांबूनही दिसल्या.

पुढच्या वर्षी तो निवृत्त व्हायचा होता. संचलनाची ढाल आयुष्यात एकदा तरी दलाच्या शेडमध्ये लागावी, एवढीच त्याची हौस उरली होती. आणि माणसानं हसं पत्करावं इतकं मन मोठं त्याला देवानं दिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी सुटांनी भरलेला ऑटो त्याच्या दारात थांबला. त्याचा स्वतःचा सूट त्यात नव्हता. त्याला तो बरोबर बसत होता. बाकीचे सगळे त्यानं मामीच्या मशीनपुढं टाकले. मी तांदूळ निवडत बसलो होतो. भिंतीतून शब्द न् शब्द येत होता.

"आवं, हे लई जाड हाय. आत आणखी अस्तरं हायत. पाठीत टक्स घेतले तर समदं टोचलं जातंय की. चालतंय का? त्या नांदेडच्या साहेबाला इचारलं का?"

"इचारलं की."

"काय म्हणले?"

"म्हणले, घ्या आवळून. तू शिव."

टक्स म्हणजे ब्लाऊज अंगाला बसावा म्हणून कापड आत दुमडून घातलेली उभी शिवण. मामीनं प्रत्येक कोटाच्या पाठीत अशा दोन शिवणी घेतल्या, खांद्याच्या खालून कमरेपर्यंत. सुया मोडत होत्या. त्या मोडल्याचा टकटक आवाज यायचा, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा मशीन. दोराही तिनं साधा वापरला नाही. शाळेची दप्तरं शिवायला आणलेला नायलॉनचा दोरा तिच्याकडं होता, घरातला सगळ्यात मजबूत. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "पोरं आगीत जाणार हायत. टाका उसवला तर बेइज्जती माझी हाय."

एक मेला ढाल मिळाली. पोरं अशी काही सुटसुटीत, ताठ चालली, की जानेवारीत हसलेल्यांनीच टाळ्या पिटल्या. पेपरात फोटो आला. तो फोटो घेऊन सिद्रामप्पा माझ्या गल्ल्यापुढं उभा राहिला आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "फिटिंग बगितलं का शेटजी? आमच्या घरातलं काम हाय."

मामी दारात उभी होती. तिनं ऐकलं. लग्न झाल्यापासून त्या माणसानं चारचौघांत तिचं कौतुक केलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो, बहुतेक तीही. ती आत गेली आणि तो सगळा दिवस मशीनवर बसून गुणगुणत होती. मला आजही ते गुणगुणणं आठवलं की त्या माणसाच्या दोन मुस्काटात ठेवून द्याव्यात असं वाटतं. पुढचे काही महिने बायकांची रीघ लागली. परेडचं फिटिंग करणाऱ्या मामीकडून ब्लाऊज शिवायचा, हीच चाल पडली.

पावसाळ्यात मोठी आग लागलीच नाही. कचऱ्याचे ढीग, एखादा उसाचा फड, असलं विझवताना सुटांचा कस लागत नसतो. दिवाळी झाली, कापूस बाजारात आला, जिनिंग सुरू झाल्या. आणि एका दुपारी नांदेड रस्त्यावरच्या जिनिंगमधून धूर निघाला.

कापसाची आग वरून विझते आणि आतून चालत राहते. हरिओम पाण्याची नळी घेऊन शेडच्या दारातून आत शिरला. पुढची आग त्यानं बरीच दाबत आणली होती. तेवढ्यात मागची पेटलेली थप्पी कलंडली आणि त्याची पाठ झळीत सापडली. तो वळला आणि पळत बाहेर आला. इतकाच वेळ. एवढ्या वेळात त्या सुटातल्या माणसाला काही होत नसतं. तो हसत बाहेर आला, म्हणाला, "अप्पा, वाचलो." मग तो गुडघ्यावर बसला. कोटाच्या पाठीत दोन उभ्या फटी पडल्या होत्या. मामीचा मजबूत दोरा वितळून आत पाघळला होता, आणि कातडीला घट्ट बसलेल्या कोटानं उरलेलं काम केलं.

सिद्रामप्पानं आधी काय केलं ते बंबाच्या ड्रायव्हरनं बघितलं. त्यानं तो कोट काढला, घडी घातली आणि बंबाच्या सीटखाली सरकवला. गाडी बोलवा, म्हणून तो ओरडला ते त्यानंतर.

हरिओमला नांदेडला नेलं. तो जगेल की नाही हे बरेच दिवस कुणी सांगत नव्हतं. मामी एसटीनं डबा घेऊन गेली. तिथं पट्टी बदलायची वेळ होती आणि नर्स पडदा ओढायला विसरली. मामीनं पाठ बघितली. मी सांगितलंच आहे, तिला टेप लागत नाही. खांद्याच्या खालून कमरेपर्यंत दोन पट्टे, मधलं अंतर तिनंच ठरवलेलं. स्वतःची शिवण ओळखायला बाईला किती वेळ लागणार?

हरिओमची बायको साक्षी बाहेर बाकावर बसली होती. रागावायचीही ताकद उरलेली नव्हती तिच्यात. ती नुसतं म्हणाली, "काकू, सुई लावू नका म्हणून साहेबानं सांगितलं व्हतं ना? मग कामून लावली तुमी?"

"कुणाला सांगितलं व्हतं?"

"समद्यांला. अप्पा तर पुढंच बसले व्हते म्हणं."

डबा तसाच बाकावर ठेवून मामी परत आली. दिवेलागण झाली होती. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "साहेब सांगत व्हते तवा तुमी पुढं बसला व्हता का?"

पाट ओढल्याचा आवाज आला. मग सिद्रामप्पा म्हणाला, "जेवायला वाढ."

तिनं वाढलं. ताट ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर मशीनवर चादर टाकल्याचा, आणि मग त्या भिंतीतून काहीच येईना.

चौकशी बसली. अमृतराव आले. कोट सीटखालून निघाला. त्यांनी तो टेबलावर पसरला, पुढची बाजू दाखवली. नुसता काजळीचा डाग. मग उलटा केला. "पाठ कोणी शिवली?" त्यांनी विचारलं.

सिद्रामप्पा उभा राहिला. ढाल त्याच्या डोक्यावरच भिंतीला लावलेली होती. तो म्हणाला, "धुवायला घरी नेले व्हते, साहेब. बायकोनं माझ्या माघारी टाके घातले. अडाणी बाई हाय, तिला काय कळतंय?"

सगळी पोरं तिथं उभी होती. सगळ्यांनी ते पहिल्या बाकावरचं "हाव साहेब" ऐकलेलं होतं. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही, कारण वरच्या माणसाविरुद्ध बोलून नोकरी कोण घालवतो? हरिओम बोलला असता, पण तो नांदेडला पालथा पडून होता. चौकशीचा निकाल लागला: घरातल्या व्यक्तीचा अजाणतेपणा. शिवलेले सगळे सूट गाडीत भरून परत पाठवले आणि प्रमुखांना समज देण्यात आली. समज! त्या माणसाला!

गल्लीनं मग तिला धरलं. निकालाच्या दुसऱ्या सकाळपासून बायका ब्लाऊजपीस परत न्यायला यायला लागल्या. शिवून तयार असलेलेसुद्धा. तिच्या हातचं नको, एवढंच. आणि एक दिवस हरिओमची म्हातारी आई गावाकडून आली. दारात उभी राहून छाती बडवत म्हणाली, "भवाने, माझ्या लेकराची पाठ शिवलीस गं! तुजे हात झडतील!" मामी उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. मी मध्ये पडायला गेलो तर तिनंच हातानं मला थांबवलं. आत सिद्रामप्पा टीव्ही बघत होता. त्यानं फक्त आवाज वाढवला.

ती का बोलली नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी कोण सांगणार? पस्तीस-चाळीस वर्षं ज्याला खोटं पाडलं नाही त्याला एका दिवसात खोटं पाडायला जीभ वळत नसेल. किंवा ती वाट बघत असेल. ते मला तेव्हा सुचलं नाही.

हरिओम वाचला. पाठीची कातडी आखडली ती आखडलीच. हात कोपरापासून हलायचे, खांद्यातून वर जायचे नाहीत. शर्ट साक्षीनं घालायचा, केस साक्षीनं विंचरायचे. दलात त्याला फोनवर बसवलं. फोन कानाशी नेता येत नाही म्हणून तो कान फोनशी न्यायचा.

मेच्या शेवटी सिद्रामप्पाचा निरोप समारंभ झाला. शेडपुढं मांडव, खुर्च्या, चिवडा, पेढे. निरोप घेणाऱ्याच्या शेजारी बायकोला बसवायची आमच्याकडं रीत आहे, तशी मामीला बसवली होती. शाल, श्रीफळ, मामीला साडी, त्याला सफारीचं कापड. कुणा दीडशहाण्याला वाटलं, हार हरिओमच्या हातून घालावा. हरिओम हार घेऊन पुढं आला आणि पोटाशी धरून उभा राहिला. सिद्रामप्पा हसून पुढं आला, गुडघ्यात वाकला आणि स्वतःच हारात मान घातली. टाळ्या पडल्या. काय मोठेपणा, असं माझ्या शेजारचा म्हणाला.

मग त्यानं भाषण केलं. शिस्तीवर, थाटावर. शेवटी म्हणाला, "पोरांनो, एकच सांगून जातो. सुटाला सुई लावू नका. आन् घरात बाईच्या हाती तर बिलकुल देऊ नका." त्याच्या शेजारी बसलेल्या मामीनं पदर सारखा केला. सगळे हसले. हरिओम हसला नाही.

संध्याकाळी, ऊन कलल्यावर, मला भिंतीपलीकडून मशीनवरची चादर ओढल्याचा आवाज आला. इतक्या महिन्यांनी. माझ्या हातातलं माप हातातच राहिलं.

"बरं केलंस," सिद्रामप्पाचा आवाज. "सफारीचं माप घे. जरा नीट बसली पाहिजे."

"तसेच उभे ऱ्हावा. वर्दी काढू नका. हात लांब करा. हलू नका."

मग ती म्हणाली, "झालं. जावा."

तो दारातून बाहेर आला. अंगात दलाची निळी वर्दी, त्या दिवसापुरती घालायची परवानगी असलेली. गळ्यात अजून हार. मिशीला पीळ. माझ्याकडं बघून मान हलवली आणि गल्लीतून बाजाराकडं निघाला. तो पुढं गेला तेव्हा मला त्याची पाठ दिसली. शिंप्याच्या पांढऱ्या खडूनं ओढलेल्या दोन रेघा, खांद्याच्या खालून कमरेपर्यंत, कुठंही हात न थरथरता ओढलेल्या. दारात मामी उभी होती. हातात खडू होता. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

गल्लीत कुणीच उघडलं नाही. ओट्यावरच्या बायका बोलता बोलता थांबल्या. ब्लाऊज परत नेलेल्या त्याच बायका. एकीनं पदर तोंडात धरला. तो जिथून जाई तिथली माणसं समोरून नमस्कार करत आणि तो पुढं गेला की वळून बघत. सगळं गाव नांदेडला जाऊन हरिओमची पाठ बघून आलेलं होतं. कुणाला विचारायची गरज नव्हती. त्याला मात्र वाटलं, लोक मानानं बघत आहेत. तो अजून ताठ झाला, पाठ अजून रुंद केली.

मीही दुकान तसंच टाकून मागं गेलो. का गेलो माहीत नाही. बसस्टँडपुढच्या चहाच्या टपरीवर हरिओम बसला होता. ग्लास बाकावर ठेवून, वाकून चहा पीत होता. तिथं मात्र कुणीतरी हसलं. सिद्रामप्पा थांबला, मागं वळून बघितलं, लोकांनी नजरा फिरवल्या. त्यानं मानेमागं हात नेला, पोचला नाही.

तो हरिओमपुढं येऊन पाठमोरा उभा राहिला.

"हरिओम, लोक कामून बगून राहिले रे? पाठीला काय लागलंय का?"

हरिओमनं मान वर केली. त्या दोन रेघांकडं तो बघत राहिला. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"लागलंय, अप्पा."

"मग झाड की."

"हात वर जात न्हाई."